विषय क्रमांक त्रेसष्ट

राजदूतांनी देशाच्या नावाची पाटी टेबलावर आडवी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आज त्यांना काहीच करायचं नव्हतं. तसा राजधानीतून सकाळीच फोन आला होता.

"तुम्ही फक्त गप्प बसा," परराष्ट्र खात्याच्या सचिवांनी बजावलं होतं. "विषय आपोआप गळेल."

पुढच्या अधिवेशनाची विषयपत्रिका ठरवायला जगभरच्या देशांच्या महासभेची ही समिती वर्षातून एकदा बसते. जुना विषय ठेवायचा, तर कोणीतरी पाटी उभी करून तशी मागणी करावी लागते. कोणी केली नाही, की अध्यक्ष हातोडी आपटतात आणि विषय कायमचा बाद होतो. त्रेसष्ट क्रमांकाचा विषय एकोणीस वर्षं तगला, तो शेजारच्या बेटाच्या प्रतिनिधीमुळे. पेशाने वकील असलेला हा गृहस्थ भलताच चिवट होता. बेटावरचे एकतीस कोळी राजदूतांच्या देशाच्या समुद्रात बेपत्ता झाले होते. त्यांची चौकशी व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं. तो मागणी करायचा, राजदूत विरोध करायचे. एकोणीस वर्षं दोघांनी एकमेकांचा पिच्छा सोडला नाही.

उन्हाळ्यात वकील वारला. बेटाने अजून दुसऱ्या कोणाला नेमलं नव्हतं, आणि समोरची खुर्ची रिकामी होती.

सुटलो एकदाचे, असं राजदूतांना वाटायला हवं होतं. पण सकाळपासून त्यांना चैन पडत नव्हतं. बैठक आटोपली की दोघं व्हरांड्यात चहा घेत, आणि वकील स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं लावी. राजदूतांची बायको गेली, तेव्हापासून 'कसे आहात' असं विचारून उत्तरासाठी थांबणारा तेवढा एकच माणूस उरला होता. नेमकं त्याच्याशीच भांडणं ही राजदूतांची नोकरी होती.

"त्रेसष्ट," अध्यक्ष म्हणाले. "कोणाची मागणी?"

कोणी मान वर केली नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग त्यांनी हातोडी उचलली.

राजदूतांनी पाटी उभी केली.

"विरोध नोंदवायचाय? आता त्याची गरज नाही."

"विरोध नाही. मागणी आहे," राजदूत म्हणाले. "विषय ठेवावा."

मागे बसलेल्या त्यांच्या सहायकाने आ वासला.

"नियम ठाऊक आहे ना?" अध्यक्षांनी सावकाश विचारलं. "ज्याने मागितला, त्यानेच पुढच्या वर्षी तो मांडायचा. बाजूने बोलायचं."

"ठाऊक आहे."

हातोडी हलकेच टेकली आणि विषय राहिला.

बाहेर येईपर्यंत खिशातला फोन तीनदा वाजला. कोणाचा असणार हे राजदूतांना कळत होतं. त्यांनी तो बंद केला आणि जिना उतरून ते दप्तरखान्यात गेले. तिथल्या बाई त्यांना चांगल्या ओळखत होत्या.

"बेटाच्या वकिलांची भाषणं हवी होती."

"कुठल्या वर्षाची?"

"सगळी."

"अहो, सगळी तुमच्यासमोरच तर झाली!"

"झाली खरी," राजदूत म्हणाले. "पण ते बोलायचे, तेव्हा मी माझं उत्तर लिहीत असायचो."