शेवंतीची नवी चाल

सावनीने शेवंतीला अळणावरजवळच्या खेड्यातून आणलं, तेव्हा घोडी पंधरा वर्षांची झाली होती. तिचा आधीचा मालक धोंडिबा याने तिला लहानपणापासून वरातीत नाचवलं होतं. पण वरातींपुढे डीजेच्या गाड्या आल्या, घोडीला बोलावणं येईना, म्हणून त्याने ती देऊन टाकली. सावनी धारवाडच्या कोर्टात वकिली करायची. कॉलेजात असताना एनसीसीत ती घोड्यावर बसली होती. चाळिशी उलटल्यावर ती हौस पुन्हा वर आली. धारवाडजवळ रायापूरला ओळखीच्यांच्या मोकळ्या जागेत तिने तबेला बांधला.

तिला शेवंतीला कँटर शिकवायचा होता. दुडकीच्या पुढची, पण भरधाव नव्हे, अशी अंग आवरून घेतलेली, तोललेली धाव. शेवंतीला ते ठाऊकच नव्हतं. टाच लागली की ती मान वर फेकायची, पाठ खाली सोडायची आणि जागच्या जागी थयथयायची. तिच्या लेखी टाच म्हणजे नाच.

सावनीने घाई केली नाही. कित्येक महिने मोठ्या गोलात दुडकी, मध्येच चाल, परत दुडकी. जमिनीवर बांबू मांडून त्यावरून न्यायची, म्हणजे पाठ उचलली जावी. हळूहळू मागचे पाय पोटाखाली येऊ लागले, तसा लगामावरचा भार उतरला. मात्र शेवंती नाचायला लागली की सावनी तिला लगेच आवरायची. शेजारच्या मंगल कार्यालयात हलगी वाजली की घोडीच्या अंगात यायचं. मग सावनी मुद्दाम तिला कुंपणाशी न्यायची आणि वाजप थांबेपर्यंत शांत चालवत राहायची. एका संध्याकाळी रस्त्यावरून वरात गेली, तर शेवंतीचा फक्त एक कान हलला. सावनीने तिच्या मानेवर थोपटलं. त्याच आठवड्यात कँटर जमला. लगाम सैल असूनही घोडी स्वतःला सावरून धावत होती.

उन्हाळ्यात धोंडिबा लग्नपत्रिका घेऊन आला.

"आमच्या आकाशचं लग्न ठरलं अक्का. मुलगी हल्याळची. वरातीला शेवंतीच पाहिजे म्हणतोय. तिच्या पाठीवरच वाढलंय की पोरगं."

"आणते ना," सावनी म्हणाली. मग पत्रिका चाळत, "बराच काळ नाचली नाहीये ती, धोंडिबाअण्णा."

"हलगी वाजली की नाचतंय बघा. त्याला काय शिकवाय लागतंय?"

खरं ते सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण धोंडिबाचा चेहरा इतका खुलला होता की तिच्याने बोलवलं नाही. आठवेल तिला, असं तिने स्वतःला समजावलं.

लग्नाच्या दिवशी धोंडिबाच्या गावात आकाश बाशिंग बांधून शेवंतीवर बसला. सगळा गाव भोवती जमला. हलग्या कडाडल्या. शेवंती स्वस्थ उभी राहिली. धोंडिबा तिच्यासमोर गेला, हात वर करून त्याने जुना इशारा केला, जिभेने टक् टक् आवाज काढला. ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. शेवटी आकाशने टाच लावली. शेवंतीने पाठ उचलली, अंग गोळा केलं आणि ती संथ, डौलदार धावत निघाली. माणसं भराभर बाजूला झाली. देवळापाशी आकाशने लगाम ओढला, तशी ती अलगद थांबली. इतका सुरेख कँटर तिने रायापूरच्या सरावातही कधी केला नव्हता.

कुणीतरी हसलं. आकाशही हसला आणि खाली उतरून उरलेली वरात पायी चालला.

धोंडिबाची बायको तानूबाई शेवंतीपाशी आली. "वळखलं न्हाईस व्हय गं आम्हास्नी?" म्हणत तिने गूळ पुढे केला. शेवंतीने तो तिच्या तळहातावरून खाल्ला. सावनी शेजारीच उभी होती. ओळखलंय तिने, मीच तिला नाचू दिलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिने नुसता शेवंतीचा लगाम हातात घेतला.

त्यानंतर तिने रायापूरला मोबाइलवर हलगी लावून पाहिली. टाच लावून, लगाम उचलून पाहिला. शेवंती दरवेळी शहाण्यासारखी कँटर करायची.

आठवडाभराने धोंडिबाचा फोन आला. लग्न छान पार पडलं, असं तो दोनदा म्हणाला. सावनीने माफी मागितली.

"तुमचं काय चुकलं अक्का? घोडी तुमची," तो म्हणाला. मग, "काल सून विचारत होती, खरंच नाचते का हो ती घोडी. म्हटलं, नाचायची."

सावनीने शेवंतीची तब्येत बरी आहे, एवढं सांगितलं.