रुंद पंजाचा बूट

मी एक जुना फौजी बूट आहे. मित्रांनो, माझा पंजा नेहमीच्या बुटापेक्षा बोटभर रुंद आहे. तो असा का, तेच मला सांगायचे आहे.

स्वातंत्र्य नवे होते. १९५०नंतरच्या त्या वर्षांत विदर्भातल्या धनजजवळच्या बंजारा तांड्यातला मदनसिंग फौजेत भरती झाला. तांड्यातून गेलेला तो पहिलाच. काळ्या मातीत अनवाणी वाढलेली त्याची पावले पसरट होती, बोटे सुटी सुटी. फौजेच्या कोठारात छतापर्यंत बूट रचलेले होते, पण त्याच्या पायाचा एकही नव्हता. मिळाला तो जोड त्याने ओढूनताणून चढवला आणि कवायत केली. मोजे रक्ताने भिजू लागले. डॉक्टरांनी बजावले की पाय सुधारला नाही तर घरी जावे लागेल.

तेव्हा मदनसिंगने पायाची बोटे चिंधीने करकचून बांधली. बांधून ठेवली तर पंजा अरुंद होईल, असे त्याला वाटले.

कोठार सांभाळणारा हवालदार रहीम धनजजवळच्याच कारंज्याचा होता. त्याने ते पाहिले.

“पाय बांधून काहून ठेवला रे?”

“बूट सरकारचा हाय, हवालदारसाब. तो चुकीन कसा? माहाच पाय जादा झाला.”

“सरकारनं बूट बनवला, तुह्या मायनं पाय. चूक कोनाचीच नाई. बस खाली.”

रहीमने त्याचे पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. फिरवता फिरवता त्याने समजावले की कोणत्या मापाचे किती बूट लागतील हे दिल्लीत वर्षभर आधी ठरवावे लागते, आणि तेही एकही पाय न पाहता. जास्त बनवले तर बुरशी खाते आणि लोकांचा पैसा जातो. कमी बनवले तर बर्फात जवानाचे हाल. लाखो पायांच्या अंदाजातून एखादे पाऊल निसटतेच.

रहीमने अर्जाला जोडलेला तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वर चढत गेला. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तो हरवणार, अशी मदनसिंगची खात्रीच होती. त्याने आपली पेटी भरून ठेवली होती.

दूरच्या एका कारखान्यात ठरलेल्या मापांचे बूट अखंड पुढे सरकत होते. तिथे एका कारागिराने तो कागद समोर टाचला आणि त्याबरहुकूम लाकडाचे नवे पाऊल कोरले. त्या लाकडावर मी आणि माझा जोडीदार शिवले गेलो. एवढा प्रचंड पसारा एका माणसाच्या पायाकडे वळला, हे आठवले की आजही माझे चामडे शहारते.

मदनसिंगने आम्हाला घातले. तो उभा राहिला, चालला, मग धावला. डॉक्टरांनी मान डोलावली.

पहिल्या रजेत तो आम्हाला घालूनच घरी आला. त्याच्या आईने, गोमतीबाईने, सारी हकिगत ऐकून मला मांडीवर घेतले. बंजारा घरात आईला याडी म्हणतात.

“येवढी मोठी फौज, अन् त्यायले माह्या पोराचा पाय मालूम हाय?”

“मालूम नवता, याडी. सांगतला तवा झाला.”

पुढे मी वाळू तुडवली, बर्फ तुडवले. तळ झिजला तेव्हा फौजेने मला बाद ठरवले. आता मी मदनसिंगच्या घरातल्या कोनाड्यात आहे, आणि माझ्यात कोळ्याने घर केले आहे.

मित्रांनो, शाळेचा फळा असो की दवाखान्यातली खाट, ती वस्तू कोणीतरी तुम्हाला न पाहता तुमच्यासाठी आखलेली असते. ती जपून वापरा. कुठे अपुरी पडली तर गप्प राहू नका, सांगा. फार दूरवर एखादा माणूस हातातले काम थांबवून ऐकतो. मी त्याच्या हातून जन्मलो आहे.