तेरा लिटरची अट

ओरेस्ट कुरिल्युकने जन्मात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली ती एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही बायकोच्या, नाड्याच्या अटीवर.

त्याआधी त्याने ज्या गाड्या चालवल्या त्या सगळ्या दुसऱ्यांनी पिळून टाकलेल्या होत्या. गेली सात वर्षं तर तो नाड्याच्या छोट्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसत होता. सव्वासहा फुटांचा माणूस त्या गाडीतून उतरू लागला, की घडीची खुर्ची उलगडल्यासारखी दिसे. ऑक्टोबरात डॉफिन शहरातल्या शोरूममध्ये त्याने ती उंच, गडद निळी एसयूव्ही पाहिली, आत बसला, पाय लांब केले आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. शेवटी नाड्याने काच ठोकली.

"झोप लागली का?"

"नाड्या, माझे पाय सरळ झालेत."

नाड्याने पायांकडे पाहिलं नाही. तिने काचेवर चिकटवलेला कागद वाचला. त्यावर शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोल लागेल ते छापलेलं होतं. आकडा जितका लहान तितकी गाडी शहाणी. कागद म्हणत होता, अकराच्याही आत.

"अकरा नको," नाड्या म्हणाली. "कागदावर सगळेच अकरा असतात. मी तुला तेरा देते. जानेवारीतल्या आपल्या नाताळाच्या आदल्या दिवशी टाकी भरू. तेराच्या आत असली तर गाडी तुझी. वर गेली तर मेट्रोला विकून टाकायची."

मेट्रो हा नाड्याचा धाकटा भाऊ. त्याला अगदी अशीच गाडी हवी होती. पण कोऱ्या गाडीचा पहिला मालक होणं हा त्याच्या मते शुद्ध मूर्खपणा होता. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच गाडीची किंमत जी कोसळते, ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून कोसळावी, असं त्याचं धोरण. हा दुसरा कोणी घरातलाच निघाला याचा त्याला आनंद झाला होता. ओरेस्टने मोठ्या मनाने नाड्याची अट मान्य केली. तेरा म्हणजे काय, लहान मुलाचा खेळ.

ऑक्टोबरात गाडीने साडेअकरा दाखवले. ओरेस्ट शिट्टी वाजवत हिंडला. नोव्हेंबरात बर्फ पडला आणि आकडा चौदा झाला. डिसेंबर उजाडला, पारा उणे तिसाखाली गेला, आणि गाडी सतरा लिटर प्यायली.

ओरेस्टने शोरूमला फोन लावला.

"सर, तो आकडा प्रयोगशाळेतला असतो," पलीकडचा तरुण विक्रेता गोड आवाजात म्हणाला.

"तुमच्या प्रयोगशाळेत हिवाळा येत नाही का?"

"प्रत्यक्षात थोडा फरक पडतोच, सर."

"थोडा? अर्धा फरक पडलाय! उद्या मी तुला अर्ध्या गाडीचे पैसे दिले तर चालेल?"

तरुणाने शुभेच्छा देऊन फोन ठेवला. रागावलेल्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्यायच्या, हे त्यांना बहुधा शिकवलेलंच असतं.

मग ओरेस्ट हात धुऊन गाडीच्या मागे लागला. टायरांत हवा भरली. टपावरचे दांडे काढले. गाडी घसरू नये म्हणून हिवाळ्यात सगळेच मागे वाळूच्या पिशव्या ठेवतात, त्याही उतरवल्या. मागच्या सीटखालून नाड्याची छत्री आणि कोणाच्या तरी लग्नातली चपलांची जोडी निघाली, तीही घरात गेली. हायवेवर तो नव्वदच्या वर जाईना. मागे धान्याचे ट्रक साचू लागले. एक ड्रायव्हर ओलांडून जाताना काच खाली करून काहीतरी ओरडला. उणे तिसात काच खाली करायची म्हणजे माणूस मनापासूनच बोलत असणार.

आकडा सतरावरून हलला नाही.

या सगळ्याची चर्चा रोज सकाळी बेवच्या कॅफेत होई. खिडकीजवळ एक लांब टेबल होतं, आणि त्या टेबलाला गावात 'कॉफीची रांग' म्हणत. साठी ओलांडलेले पुरुष तिथे नऊला येत, एकच कप चार वेळा भरून घेत, आणि गव्हाचा भाव, सरकार, गुडघे या विषयांचा निकाल लावत. या हिवाळ्यात त्यात ओरेस्टच्या गाडीची भर पडली होती.

"हिवाळ्याचं पेट्रोलच पातळ असतं," लॉइड म्हणाला. लॉइड पूर्वी ट्रॅक्टर विकायचा आणि अजूनही प्रत्येक वाक्य विकल्यासारखं बोलायचा. "त्यात दम नसतो."

"वारा," मेट्रो म्हणाला. "एवढी उंच गाडी म्हणजे भिंतच. तू रोज भिंत घेऊन हायवेवर जातोस."

"मग तुला कशाला हवी ती भिंत?"

"माझ्यासाठी नाही रे. तुझे हाल बघवत नाहीत म्हणून घेणार."

"आणि ओरेस्टचं वजन कोणी धरलं का?" कॉफी ओतता ओतता बेव म्हणाली. "दालचिनीचे बन मी मोजत नाही, पण गाडी मोजते."

सगळे हसले. ओरेस्टने अर्धा खाल्लेला बन बाजूला सारला, आणि थोड्या वेळाने पुन्हा ओढून घेतला.

डिसेंबरच्या मध्यात बेव बहिणीकडे ब्रँडनला गेली आणि कॅफे आठवडाभर बंद राहिला. ओरेस्ट घरात अस्वस्थ फिरत राहिला, नाड्याच्या पायात घोटाळला, उगाच दोनदा डॉफिनला जाऊन आला. आठवड्याच्या शेवटी टाकी भरली आणि गणित केलं. बारा पूर्णांक सहा. त्याचा विश्वास बसेना. त्याने पंपावरच पुन्हा भागाकार केला. बारा पूर्णांक सहाच. थंडी तीच, वारा तोच, भिंतही तीच.

पुढच्या आठवड्यात बेव परतली आणि आकडा पुन्हा सतराकडे निघाला.

अशाच एका सकाळी ओरेस्ट टेबलाशी बसून गाडीला शिव्या देत होता. गाडीला शिव्या देताना माणूस साहजिकच गाडीकडे बघतो. खिडकीबाहेर सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. सहाही दुसऱ्या किल्लीने कुलूपबंद, सहाही चालू. प्रत्येकीच्या मागून पांढऱ्या वाफेचा जाड लोट निघत होता. हिवाळ्यात बेवकडे येऊन गाडी बंद करणारा माणूस या गावात जन्मला नव्हता. घरी इंजिन गरम ठेवायला रात्रभर विजेची वायर लावता येते. बेवच्या दारात वायर नव्हती. म्हणून गाडी चालूच ठेवायची. आजोबा पण तेच करत. ते तर घोड्यांवर घोंगडी टाकून ठेवत.

ओरेस्टचा कप ओठांजवळच थांबला. चाकं थांबली की किलोमीटर थांबतात. पेट्रोल थांबत नाही. गाडी इतकं का पिते, याचा काथ्याकूट तो दीड महिना रोज सकाळी करत होता, आणि तो चालू असताना ती त्याच्या नाकासमोर उभी राहून पीत होती.

"काय झालं?" मेट्रोने विचारलं. "भूत पाहिलंस?"

"काही नाही. कॉफी गरम आहे."

सांगणार कोणाला? टेबलावर सांगितलं तर पुढचा हिवाळाभर हशा. शिवाय मेट्रो संध्याकाळच्या आत बहिणीला फोन करणार. नाताळाला पंधरवडा उरला होता. उपाय मात्र सोपा होता. ओरेस्टने मनातल्या मनात आकडेमोड केली आणि दुसऱ्या दिवशी बेवच्या दारात पोचल्यावर किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

आत येऊन तो बसतो न बसतो तोच लॉइड उठून उभा राहिला.

"ओरेस्ट! तुझी गाडी मेली!"

"नाही नाही, बस तू..."

"धूर नाही बघ! मेट्रो, तुझ्याकडे बॅटरीची केबल आहे ना?"

त्या गावात बेवच्या दारात गप्प उभी असलेली गाडी म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी. दुसरा अर्थच नव्हता. चार म्हातारे कोट न चढवताच बाहेर धावले. मेट्रोने आपला ट्रक नाकाला नाक भिडवून उभा केला, लॉइडने ओरेस्टच्या कोटातून किल्ली काढली, कोणीतरी बॉनेट उघडलं, केबल लागल्या. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. होणारच होतं. चौघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

"नवी गाडी आणि बॅटरी बघा हिची!" लॉइड आत येत हात चोळू लागला. "हल्ली चांगला मालच बनत नाही."

"आता बंद करू नकोस हां," मेट्रोने प्रेमाने बजावलं. "अर्धा तास तरी चालू दे. चार्ज व्हायला हवी."

ओरेस्टने मान हलवली. गाडी अर्धा तास चालू राहिली, मग आणखी एक तास.

त्याच्या पुढच्या दिवशी त्याने पुन्हा बंद केली. या वेळी मेट्रो घरून चार्जरच घेऊन आला होता, आणि बेवने काउंटरमागचा प्लग मोकळा करून दिला होता. तिसऱ्या दिवशी पंपावरची मुलगी ओरेस्टला म्हणाली, "तुमची गाडी रोज बंद पडते म्हणे? परत का नाही करत?" गाडीची लाज राखायची तर ती चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ओरेस्टने ती चालू ठेवली, आणि खिडकीकडे पाठ करून बसू लागला.

नाताळाच्या आदल्या दिवशी, सहा जानेवारीला, दुपारी त्याने टाकी काठोकाठ भरली. नाड्या शेजारच्या सीटवर होती. त्या रात्रीच्या जेवणाला रीतीप्रमाणे लागणाऱ्या बारा पदार्थांपैकी सातच झाल्याची तिला चिंता होती, तरी ती आली होती. भागाकार तिनेच केला.

"सोळा पूर्णांक चार," ती म्हणाली.

दोघं घरी आली. स्वयंपाकघरात बीटच्या सूपाचा वास भरला होता. नाड्याने एप्रन बांधला आणि पेरोगी नावाच्या करंज्यांचं पीठ पुढे ओढलं.

"मेट्रोला जेवताना सांगू," ती म्हणाली.

"नाड्या, गाडी निर्दोष आहे."

"सोळा पूर्णांक चार निर्दोष?"

"चालताना ती बारा-साडेबाराच पिते. मी सिद्ध करून दाखवतो. बाकीचं ती उभ्या उभ्या पिते."

"कुठे उभ्या उभ्या?"

ओरेस्टने एवढा विचार करून ठेवला नव्हता. "बेवच्या दारात."

"तू तर रोज पोस्टात जातो म्हणून सांगतोस."

"पोस्टातही जातो."

"पोस्ट बेवच्या समोर आहे, ओरेस्ट. तिथून पत्र आणायला किती पेट्रोल लागतं?" ती पीठ लाटत होती, वर बघत नव्हती. "किती वेळ उभी असते?"

"तासभर." मग तो खरं बोलला. "दीड-दोन तास. रोज."

त्याला वाटलं, आता लाटणं थांबेल. थांबलं नाही. नाड्याला हे ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोस्टाच्या पायऱ्यांवरून ती खिडकी स्वच्छ दिसते.

"बरं," ती म्हणाली. "मग प्रश्न सोपा आहे. गाडी निर्दोष असेल तर गाडी ठेव. मी अट सोडते. फक्त बेवकडे जाणं बंद. कॉफी मी घरी करते, तीही बरी करते. नाहीतर बेवकडे जा, तुझे ते चार मित्र सांभाळ, आणि गाडी मेट्रोला दे. माझ्या गाडीने जा, ती उभ्या उभ्या एवढं पीत नाही."

ओरेस्ट खुर्चीत बसला. त्याने उंच सीट आठवली, हिवाळ्यातही ऊबदार राहणारं स्टिअरिंग आठवलं, सरळ झालेले पाय आठवले. मग लॉइडचा आवाज आठवला, आणि कोट न घालता उणे तिसात धावलेली ती चार माणसं. खिडकीपाशी एक खुर्ची त्याच्या मापाने झिजलेली होती. नाड्याने तोवर सहा पेरोगी भरून कडा दाबल्या.

"मेट्रोला दे," तो शेवटी म्हणाला. "अट ती अट."

त्याला वाटलं होतं की ती खूश होईल. तिचा आकडा जिंकला होता. नाड्याने सातवी पेरोगी हातात घेतली, तिची कड दाबली, पुन्हा दाबली, आणि पीठ फाटलं.

"मला वाटलं होतं तू गाडी म्हणशील," ती म्हणाली. "गाडीत निदान मी तरी बसले असते."

ओरेस्ट उठून तिच्या शेजारी गेला. बाहेर मेट्रोचा ट्रक येऊन थांबला, आणि सासुरवाडीची सगळी मंडळी उतरून दारापर्यंत आली तरी ट्रक बंद झाल्याचा आवाज आला नाही.