सदतिसावा फोटो

"सदतीस फोटो म्हणाला होतात ना, काका? मला तर छत्तीसच ऐकू आले."

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममधल्या कारकून काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. समोर बसलेल्या तपासनीस बाई जन्मांध होत्या. वेबसाइटची पानं कॉम्प्युटर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवी, आणि फोटोसोबत कुणी शब्दांत वर्णन लिहिलं असेल तरच तो फोटो त्यांच्यापर्यंत पोचे. अंधांना न कळणारी पानं रुग्णालयाच्या साइटवर ठेवायची नाहीत, असा वरून हुकूमच होता. जुन्या फोटोंचं हे पान बाईंनी आज पाचपर्यंत पास केलं नाही, तर ते कायमचं निघणार होतं. साडेचार वाजून गेले होते.

महिनाभर कारकुनांनी या वर्णनांत जीव ओतला होता. सुरुवातीला एका पाण्याच्या टाकीवर त्यांनी दीड पान खर्ची घातलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "काका, टाकी आहे एवढं कळलं तरी पुरे. मला तिच्यात पोहायचं नाहीये." तेव्हापासून ते दोन वाक्यांत आवरतं घेऊ लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची गोडी लागली होती.

"एकवीस नंबरचा असेल," ते चाचरत म्हणाले. "त्याच्या वर्णनाची जागा रिकामी सोडलीय."

"रिकामी सोडली म्हणजे शोभेचं चित्र. कडेच्या वेलबुट्टीसारखं. मशीन तिथं थांबतच नाही. माझ्यापुरता तो फोटो नाहीच." बाईंनी हात मांडीवर घेतले. "काय आहे त्यात?"

"एक नर्स आहे."

"मग लिहायला काय झालं?"

"माझी बायको आहे."

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीतला तिचा कामावरचा हा एवढाच फोटो. रोज सकाळी कारकून तो उघडायचे, कळफलकावर बोटं ठेवायचे आणि पुढच्या फोटोकडे वळायचे. एक जागा कोरी राहिली तर कुणाला कळणार आहे, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. पण वेलबुट्टी? अख्खा वॉर्ड अंगावर घेणारी त्यांची बायको वेलबुट्टी? तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला.

"तुम्ही सांगा, मी टाइप करते," बाई हळूच म्हणाल्या.

"नको. मीच लिहितो."

त्यांनी दोन बोटांनी, अडखळत लिहिलं. बाईंनी कळ दाबली आणि कॉम्प्युटर आपल्या सपाट आवाजात वाचू लागला, "वॉर्डच्या दारात उभी नर्स. एका हातात तापाचा तक्ता आहे. दुसऱ्या हातानं ती फोटोग्राफरला बाहेर घालवते आहे, कारण आत रुग्ण झोपले आहेत."

बाई खळखळून हसल्या. "घरीही अशाच होत्या?"

"घरी दोन्ही हातांनी घालवायची," कारकून म्हणाले आणि त्यांनाही हसू आलं. छातीवरचं मणभर ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

पाचला सात मिनिटं असताना पान पास झालं. बाईंनी बॅग आवरायला घेतली, मग थांबून विचारलं, "पुन्हा एकदा लावू?"

कारकुनांनी मान डोलावली. मग ती बाईंना दिसणार नाही हे ध्यानात येऊन म्हणाले, "लावा."

फोटो समोर पडद्यावर होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून ते ऐकत बसले.