लाल चिमटा

आत्यानं पिशवीची चेन जोरात ओढली, तशी ती अर्ध्यावर अडकली. आतला राखाडी स्वेटर चेनच्या दातांत सापडला होता. ठकूची आई बाळाला कडेवर घेऊन दारातच उभी होती. एरवी ती धावली असती. घरात काहीही अडकलं, तुंबलं, सांडलं की सगळ्यांच्या आधी तीच पुढे व्हायची. आज तिनं हात पुढे केला नाही. आत्यानंच हळूहळू लोकर सोडवली, चेन लावली आणि पिशवी उचलून पाहिली. फार जड नव्हती.

"औषधाची नवी बाटली वरच्या फळीवर ठेवलीय," आत्या म्हणाली. "मोजायचं टोपण तिच्याच शेजारी आहे."

"माहितीये मला."

"आणि ठकूला रात्री तहान लागते. उशाशी पाणी ठेवत जा."

"ताई, माझीच मुलं आहेत ती."

बोलून झाल्यावर आईला स्वतःचाच आवाज कानाला टोचला, पण शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती. ठकूचे बाबा जिन्यात उभे राहून किल्ल्या वाजवत होते. ते बस चालवायचे. ड्यूटीवर जाता जाता बहिणीला स्टँडवर सोडणार होते. बायकोची बाजू घ्यावी की थोरल्या बहिणीची, या प्रश्नावर बिचाऱ्यांनी गेले दोन आठवडे किल्ल्या वाजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

पाच वर्षांची ठकू आत्याच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी होती. ती रडत नव्हती. आत्यानं वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, ठकूनं मान हलवली, आणि आत्या जिना उतरून गेली. जायचं तरी कुठे, तर गेलेल्या नवऱ्याच्या धाकट्या भावाकडे, जिथे तिची वाट कुणीच पाहत नव्हतं.

दार लावून आई स्वयंपाकघरात आली आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. दोरीवरचे सगळे चिमटे डाव्या टोकाला होते. दिवस अजून सुरू व्हायचा होता आणि हाताखालचं माणूस नुकतंच निघून गेलं होतं.

चिमट्यांची कल्पना तिचीच. ती कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती, शिवणयंत्रांची एक अख्खी रांग तिच्या हाताखाली. तिथे प्रत्येक यंत्रासमोर एक तार ताणलेली आणि तारेवर एक चिमटा. गठ्ठा शिवून झाला की चिमटा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. विचारायचं नाही, ओरडायचं नाही. नुसती नजर फिरवली की कुठे काय अडलंय ते कळतं. बाळ झालं आणि घरात सांगण्या-विचारण्याचा नुसता कल्ला सुरू झाला. दूध दिलं का, मला वाटलं तू दिलंस, मला काय माहीत! शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात दोन खिळे ठोकले आणि दोरी बांधली. पिवळा चिमटा आंघोळीचा, हिरवा डब्याचा, निळा दप्तराचा, पांढरा धुण्याचा. लाल औषधाचा. बाळाला झटके यायचे, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ औषध होतं. सकाळी बाळ लवकर उठलं तर आई द्यायची, नाहीतर आत्या. संध्याकाळचं आईच द्यायची, त्यासाठी लाल चिमटा दुपारी पुन्हा डावीकडे यायचा. ज्यानं दिलं त्यानं चिमटा सरकवायचा, की बोलायचं कामच नाही.

बाबांनी पहिल्या दिवशी थट्टा केली होती.

"माझ्या कानालाही एक लाव. आंघोळ झाली की उजव्या कानाला."

पण थट्टा करता करता तेही चिमटे सरकवायला लागले आणि घर सुतासारखं सरळ झालं. जेवणाच्या सुट्टीत आई कारखान्यातल्या बायकांना आपली युक्ती सांगायची. ज्यांच्या घरी लहान पोरं होती त्यांच्यातल्या काहींनी दोऱ्या बांधल्यासुद्धा. ठकूला तिनं सोप्या भाषेत समजावलं होतं.

"सगळे चिमटे पलीकडे गेले ना, की आई मोकळी. मग तू नि मी नुसतं बसायचं."

तसं बसणं काही फारसं व्हायचं नाही. सगळं आवरलं तरी लाल चिमटा अलीकडेच राहिलेला असायचा. बाळ उठतंय का, याची वाट पाहत आई पाळण्यापाशी घुटमळायची, आणि शेवटी आत्याला हाक मारून धावत सुटायची. गेल्या महिन्यातला एक आठवडा मात्र असा गेला की तिला स्वतःच्याच नशिबाचा हेवा वाटावा. आंघोळ करून बाहेर यावं, तर लाल चिमटा आधीच पलीकडे. आत्याचा हात आता बसलाय, असं तिला वाटलं. बाकीचं उरकून ती चहाचा कप घेऊन चक्क खुर्चीत बसायची. ठकू मांडीवर चढायची आणि तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत राहायची. बोलायच्या नाहीत दोघी. इतकं निवांत तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तो आठवडा संपता संपता बाळाला झटका आला आणि थांबेचना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी औषधाची बाटली उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"यात एवढं उरायला नको होतं," त्या म्हणाल्या. "रोज देत होतात ना?"

बाहेरच्या बाकापाशी आत्या पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

"मी बाळाला उठवायची तेव्हा चिमटा पलीकडे असायचा. मला वाटलं, तू देऊन गेलीस."

"मी दिलंच नव्हतं. मी बघायची तेव्हाही पलीकडेच असायचा."

"मी हात नाही लावला गं चिमट्याला."

"मग कुणी लावला? चिमट्याला पाय फुटले?" आईचा आवाज इतका चढला की एका नर्सनं दारातून डोकं बाहेर काढलं. "माझ्या लेकराच्या जिवावर जो उठला ना, त्याला मी जन्मात माफ करणार नाही. सांगून ठेवते. जन्मात नाही."

बाकावर बसलेली ठकू पाय हलवत होती. ते थांबले. आत्यानं तिला उचललं आणि घरी नेलं.

दोन दिवस आत्या आपल्या शब्दावर ठाम होती. आईला तर तिचा हा ठामपणाच जास्त झोंबला. चूक ती चूक आणि वर तोंड! मग तिसऱ्या दिवशी आई कपडे न्यायला घरी आली, तेव्हा आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती आणि ठकू तिच्या कुशीत झोपली होती. आत्याचे डोळे सुजले होते.

"माझंच चुकलं," तिनं आपणहून सांगितलं. "चिमटा सरकवत असेन आणि द्यायचं विसरत असेन. वय झालं आता माझं."

कुणाचं चुकलं ते एकदा ठरलं की माणसाला बरं वाटतं. आईलाही वाटलं, आणि त्या वेळी तिला त्याची लाज वाटली नाही.

बाळ घरी आलं, पण पूर्वीचं बाळ आलं नाही. ते भिंतीला धरून उभं राहायला लागलं होतं. आता बसवलं तर एका बाजूला कलायचं. आत्याला 'ता' म्हणायचं. आता काहीच म्हणत नव्हतं. उजवी मूठ मिटलेली असायची, ती कुणाला तरी उलगडावी लागे. वाट पाहा, असं डॉक्टर सांगत. किती, ते सांगत नसत. ती दोरी आधी काढून टाक, असं बाबा म्हणाले, तेव्हा आई त्यांच्यावर उसळली.

"दोरीचा काय दोष? दोरी नाही विसरली."

आणि मग, आत्या या घरात असेपर्यंत मी कामावर पाय ठेवणार नाही, हेही तिनं त्याच दमात सांगून टाकलं.

आज आत्या गेली होती, आणि दिवस संपता संपत नव्हता. बाळाला भरवायला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागला. अर्धं बाहेर आलं. चादर बदलली, ती भिजत घालेपर्यंत दूध उतू गेलं. कारखान्यातून फोन आला, की रजा किती दिवसांची धरायची. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे बाळाच्या मुठीचा व्यायाम घ्यायचा होता. तो घेताना ते असं रडलं की तो अर्ध्यावरच सोडावा लागला. ठकू सावलीसारखी मागे मागे.

"आई, बस ना."

"थांब गं."

"आई, थोडंसंच बस."

"ठकू, माझं डोकं खाऊ नकोस!"

 ठकू मागे यायची थांबली, ते आईच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळ झाली. चादर पिळून, ओले हात अंगावरच्या कपड्यांना पुसत ती बाथरूममधून बाहेर आली, तर ठकू स्वयंपाकघरात स्टुलावर उभी होती. पिवळा, हिरवा, निळा, पांढरा, सगळे चिमटे उजवीकडे ओळीनं लावलेले. एकटा लाल डाव्या टोकाला तसाच होता.

"झालं सगळं," ठकू म्हणाली. "आता तू बस."

आई ओरडणारच होती. भांडी तशीच पडली होती, डाळ शिजायची होती, आणि ही चिमट्यांशी खेळतेय! तिनं तोंड उघडलं, आणि तिची नजर त्या एकट्या चिमट्यावर अडली.

"हा का ठेवलास?"

"त्याला हात लावायचा नसतो."

"कुणी सांगितलं?"

"आत्यानं. आज जातानापण सांगितलं. बाकीचे चालतील, पण लालला कधीच नाही."

आईनं ओटा धरला.

"आत्याला काय माहीत, तू हात लावतेस ते?"

"बघितलं तिनं. बाळ दवाखान्यात होतं, तू घरी येतच नव्हतीस. म्हणून मी सरकवला." ठकू स्टुलावरून उतरली. "मग आत्या खूप रडली. म्हणाली, आईला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही." तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. सांगून तर झालं होतं.

"त्याच्या आधी?" आईनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "आधीपण सरकवायचीस?"

"तू बसायचीस ना, तेव्हा."

आई खाली बसली. खुर्ची हाताशी होती, तरी ती जमिनीवरच बसली. मांडीवरचं ते कोवळं ओझं, गरम चहा, ओळखपत्राशी चाळा करणारी बोटं. त्या आठवड्यातली एकेक सकाळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि प्रत्येक सकाळी पलीकडच्या खोलीत बाळ औषधावाचून झोपलेलं होतं. आणि आत्या. जन्मभर मन मारून जगलेली बाई, स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून घेऊन, जड नसलेली पिशवी उचलून निघून गेली होती. मी तिला चेनसुद्धा सोडवू लागले नाही, हे आईच्या मनात आलं आणि काही केल्या जाईना.

ठकू तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. हॉस्पिटलच्या बाकावर थांबले होते तसेच तिचे पाय आत्ताही थांबलेले.

"आई, बाळाला माझ्यामुळे झालं?"

आईनं तिला जवळ ओढलं. उत्तर द्यायला फार वेळ लावून चालणार नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "आत्या औषध द्यायची विसरली. तिनंच सांगितलं ना आपल्याला?"

ठकूनं विचार केला.

"हो."

तिच्या अंगातला ताठरपणा हळूहळू गेला. आईला तो हाताखाली जाताना कळला. मग ठकूनं मान वर केली.

"मग तू आत्याला जन्मात माफ नाही करणार?"

आई उठली. बाळाला औषध दिलं, टोपणाच्या तळाशी राहिलेला थेंबही त्याच्या ओठांना लावला, आणि लाल चिमटा स्वतःच्या हातानं सरकवला. मग ती खुर्चीत बसली आणि ठकू मांडीवर चढली. भांडी तशीच होती.

फोन वाजला.

"पोहोचले गं," आत्या म्हणाली. मागे कुठेतरी टीव्ही मोठ्यानं चालू होता. "बाळानं औषध घेतलं?"

"घेतलं. ताई..." आई थांबली.

पलीकडे आत्याही थांबली. टीव्हीचा आवाज लांब गेला, एक दार लागल्याचं ऐकू आलं.

"ठकू कुठेय?" आत्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"मांडीवर."

"मग आत्ता काही बोलू नकोस."

आई फोन कानाला तसाच धरून राहिली, आणि पलीकडून आत्याही ठेवत नव्हती. ठकूनं तिची बाही ओढली.

"काय म्हणाली आत्या?"

"उशाशी पाणी ठेवायला सांगितलंय," आई म्हणाली.