न नेलेले सेल

ताईंनी वार्षिक अहवालाचा मसुदा तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. वर्षभरात त्यांच्या संस्थेने तीनशे वृद्धांना श्रवणयंत्रं दिली होती. मुखपृष्ठावर त्यांतल्याच शिंपीकाकांचा हसरा फोटो होता. त्याखाली ओळ होती : 'तीनशे जणांना पुन्हा ऐकू येतं.' सोमवारी अहवाल देणगीदारांपुढे जायचा होता. संस्थेचं पुढचं वर्ष त्यावरच अवलंबून होतं.

कामाचं मूल्यमापन करायला विद्यापीठातून आलेल्या संशोधक बाईंनी विचारलं, "यंत्रातला सेल किती दिवस टिकतो?"

"दहा-बारा दिवस. नवे आम्हीच फुकट देतो. इथे येऊन न्यायचे."

"गेल्या महिन्यात किती जणांनी नेले?"

ताईंनी वही उघडली. एक्केचाळीस.

"मॅडम, पाय तुटेस्तोवर फिरलोय आम्ही. आता तुम्ही चुका काढा."

"चुका राहू द्या. पण बाकीच्यांची यंत्रं सेलशिवाय चालतात कशी? चला, या फोटोतल्या काकांकडे जाऊन येऊ."

शिंपीकाका मशीनवर बसले होते, पण कानात काही नव्हतं. सुनेने कपाटातून डबी आणली. यंत्र रुमालात नीट गुंडाळलेलं होतं.

"घातलं की नुसता गोंगाट होतो म्हणतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, संस्थेत जाऊन सांगा. तर म्हणे, फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

ताईंनी पिशवीतून नवा सेल काढला. संशोधक बाईंनी तो बसवला, आवाजाचं बारीकसं चाक जरा मागे फिरवलं आणि यंत्र काकांच्या कानात घातलं.

सून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव की. सकाळपासून विचारलं नाहीस."

"दोनदा विचारलं, बाबा."

रस्त्यावर आल्यावर ताई थांबल्या. "एवढंसं चाक फिरवायचं होतं. आम्ही फोटो काढून निघून आलो." मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "पण एक्केचाळीस लिहिलं तर देणगीदार पाठ फिरवतील."

"फिरवतीलही. पण तीनशे लिहिलंत, तर बाकीच्या दोनशे एकोणसाठ जणांकडे परत जायचं कारणच उरणार नाही."

ताईंनी त्याच संध्याकाळी मुखपृष्ठावरच्या ओळीतलं 'तीनशे' खोडलं. तिथे 'एक्केचाळीस' लिहिलं आणि बाकीच्यांच्या पत्त्यांची यादी काढली. पाय दुखतच होते.

कुणाला काही देऊन आलो, की आपल्याला वाटतं, काम झालं. पण दिलेलं उपयोगी पडलं का, हे पाहायला त्याच दारात पुन्हा जावं लागतं. मदत तिथे पुरी होते.