दुसरी बाटली

बाबा गेल्यावर मागच्या शेडमध्ये त्यांनी गाळलेल्या अर्काचा एक कॅन उरला होता. लेकीनं तो उचलला आणि तपासून बघायला आपल्या प्रयोगशाळेत न्यायला निघाली. आईनं अडवलं नाही, एवढंच म्हणाली, "खरं काय ते सांग. गुळमुळीत बोलू नकोस."

अर्क झाडपाल्याचा. बागेतल्या किडीसाठी बाबा तो स्वतः करत आणि पुरेसा कडू उतरलाय का, हे दरवेळी चमच्यानं जिभेवर थेंब ठेवून बघत. "तोंडाची चव घालवून बसाल," आई ओरडायची. "तुझ्या कॉफीपेक्षा बरा लागतो गं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग छाटणी करताना अंगठा कापला, जेमतेम नखाएवढा. जखम चिघळत गेली, भरलीच नाही, आणि बघता बघता माणूस हातचा गेला. त्यात ह्या अर्काचा हात होता का, हेच लेकीला बघायचं होतं.

लेकीचं कामच फळांवर घोंगावणाऱ्या माशा पाळून त्यांच्यावर प्रयोग करायचं. तिनं दोन बाटल्या भरल्या. एकीतल्या माशांच्या खाण्यात अर्काचा अंश, दुसरीतल्यांना साधं खाणं. अर्कानं माशा मेल्या नाहीत. खात होत्या, उडत होत्या, चांगल्या धडधाकट दिसत होत्या. मग तिनं त्यांना गारठवून गुंगवलं आणि जंतूंत बुडवलेल्या सुईनं दोन्हीकडच्या माशांना टोचलं. साध्या खाण्यावरच्या बहुतेक सावरल्या. अर्काच्या बाटलीत मात्र सकाळी तळाशी मेलेल्या माशांचा सडा पडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, जंतूंना गिळणाऱ्या रक्तपेशी त्यांच्यात फारच थोड्या उरल्या होत्या.

विभागप्रमुख बाई मागून वाकून बघत होत्या. "झकास निकाल आलाय की!" त्या म्हणाल्या, आणि तिचा चेहरा बघून पलीकडच्या टेबलाकडे वळल्या.

घरी आई ओट्याशी उभी होती. मागे न वळताच तिनं विचारलं, "काय निघालं?"

"माशांची जखमेशी झुंजायची ताकद गेली."

"म्हणजे ह्यांचीही..."

"ते नाही सांगता येत, आई."

"एवढं शिकून काय दिवे लावलेस मग! हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"माशांची दुसरी बाटली होती. तिच्याशी ताडून बघता आलं. अर्क न चाखलेले बाबा कुठून आणू?"

आई बराच वेळ भांडं घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग हात पुसून तिनं खिळ्यावरची शेडची किल्ली काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"शेड आवरून ठेव. अर्क चाखायचा त्यांचा चमचा असेल तिथे," ती म्हणाली. "टाकून नको देऊस. पण घरातही आणू नकोस."